हवामान खात्यातली भाडेकरू

भिंगरीला सकाळी जाग आली ती कुणाच्या तरी खोकल्याने. तिने डोळे किलकिले करून पाहिलं. सोफ्याच्या समोरच्या खुर्चीत एक अनोळखी गृहस्थ उजव्या हाताची बाही पार खांद्यापर्यंत गुंडाळून, शाळेत पहिल्या दिवशी आणून बसवलेल्या मुलासारखे शहाण्यासारखे बसले होते.

"झोपा, झोपा तुम्ही," ते अदबीने म्हणाले. "मला घाई नाही. हात वर जात नाही, एवढंच."

भिंगरीने चादर डोक्यावरून ओढून घेतली. पण झोप कसली येते? समोर फ्रोझन शोल्डर घेऊन माणूस बसलेला असताना आजवर कुणाला झोप लागलेली नाही.

हा सोफा मावशीच्या हॉलमधला. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात भिंगरीला फिजिओथेरपिस्टची नोकरी लागली आणि जागा मिळेपर्यंत ती मावशीकडे उतरली. मावशीचा जीव भाचीवर फार. इतका, की भिंगरीची बॅग तिसऱ्या मजल्यावर पोचायच्या आत बातमी पाचव्या मजल्यावर पोचली होती. "माझी भाची आलीय. हाडांची डॉक्टरच म्हणा ना! नुसता हात लावला की दुखणं पळतं." पाचव्या मजल्यावरून बातमी खाली उतरताना थोडी झिजली, आणि तळमजल्यावर पोचेपर्यंत तिचं "तिसऱ्या मजल्यावर मालीशवाली आलीय" असं झालं.

मालीशवाली! भिंगरीने सगळं सहन केलं असतं, पण हा शब्द तिच्या काळजाला जाऊन लागला. साडेचार वर्षं तिने हाडं, स्नायू, शिरा, सांधे घोकले होते. माणूस चालत समोरून आला की त्याची कुठली चप्पल जास्त झिजली असेल हे ती सांगू शके. आणि तिला म्हणे तेल कुठलं वापरता!

चहाच्या वेळी खांदा, आंघोळीच्या आधी मान, डबा भरताना टाच. दिवसभर हॉस्पिटलात तेच, संध्याकाळी जिन्यात तेच. एकदा तर लिफ्टमध्ये एका बाईंनी दोन मजल्यांच्या अवधीत आपला संपूर्ण मणका सांगून टाकला. शेवटी भिंगरीने जाहीर केलं, "मावशी, मी जागा बघते. मला अशी वस्ती हवी, जिथे मला कुत्रं ओळखणार नाही."

"बघ की," मावशी म्हणाली. "पण आधी त्यांचा खांदा बघ. बिचारे कधीचे बसलेत."

*

घरं दाखवणारा एजंट सडपातळ होता, आणि तो कुठल्याही जागेला जागा म्हणत नसे. "मॅडम, ही जागा नाही, नशीब आहे," असं तो म्हणे. पहिलं नशीब हॉस्पिटलच्या मागच्याच रस्त्यावर निघालं. खोली छान होती. खिडकी पूर्वेला, नळाला धार जोरदार, कपाटाची दारं चक्क लागत होती. घरमालक बँकेतून निवृत्त झालेले, बोलायला मऊ. सगळं जमत आलं आणि त्यांनी सहज विचारलं, "आपण काय करता?"

भिंगरीने सांगितलं. तिथेच घोडं अडलं.

मालकांचा चेहरा उजळला. त्यांनी तिथल्या तिथे स्टुलावर पाय ठेवून पायजमा वर घेतला. "मग आपण असं करू. भाडं निम्मं. मात्र रोज सकाळी माझा गुडघा."

"आणि माझी टाच," त्यांच्या बायकोने दारातून भर घातली.

"आणि माझं सगळंच," आतल्या खोलीतून एक म्हातारा आवाज आला. आवाजाची मालकीण भिंगरीला शेवटपर्यंत दिसली नाही.

दुसरं नशीब टेकडीवर होतं. सगळे बंगले एका रंगाचे, रस्त्यावर पान पडलेलं नाही, माणूस तर नाहीच. इथे कोण कुणाला ओळखणार, म्हणून भिंगरी खूश झाली. पण टेकडीवर राहायला नुसतं भाडं पुरत नसे, तिथे मुलाखत द्यावी लागे. सोबत मावशी आली. एका लांब टेबलामागे अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार बसले होते. तिघांच्या समोर पाण्याचे पेले होते. भिंगरीसमोर नव्हता.

"आमच्या सोसायटीत व्यवसाय चालत नाही," अध्यक्ष म्हणाले. "उद्या पेशंट घरी आले तर?"

"येणार नाहीत. मला ते घरी नकोच आहेत," भिंगरी मनापासून म्हणाली.

"तसं लेखी द्यावं लागेल. तीन प्रतींत. शिवाय हॉस्पिटलचा दाखला, आधीच्या घरमालकाचा दाखला..."

"आधीचा घरमालक म्हणजे मीच," मावशी म्हणाली. "सोफा आहे माझा."

सचिवांनी नियमांचं पुस्तक काढलं. सोफ्याच्या मालकाचा दाखला चालतो की नाही याबद्दल त्यात काहीच नव्हतं, तेव्हा विषय पुढच्या बैठकीवर गेला. पुढची बैठक कधी, हे ठरवायलाही एक बैठक लागणार होती. भिंगरी उठून बाहेर आली, तर पाठोपाठ अध्यक्ष आले. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "ते अर्जाचं होईल ते होईल. बसलं की इथून इथपर्यंत कळ येते, ही सायटिकाच ना?" ते आत जातात न जातात तोच सचिव बाहेर आले. खजिनदारांनी गाडीपर्यंत पोचवायच्या निमित्ताने आपला अंगठा दाखवला.

त्या रात्री मावशीच्या जेवणाच्या टेबलावर गंभीर खल झाला. प्रश्न असा, की भिंगरीने पुढच्या घरमालकाला आपण काय करतो म्हणून सांगावं?

"शिक्षिका सांग," मावशी म्हणाली.

"सगळी पोरं शिकवणीला येतील."

"बँक?"

"कर्ज मागतील."

काका तोपर्यंत एक शब्द बोलले नव्हते. ते जेवताना वर्तमानपत्र वाचत, आणि वर्तमानपत्र वाचताना मावशीला हुंकार देत. ते पान उलटून म्हणाले, "हवामान खातं सांग. त्यांचं कुणी ऐकत नाही, त्यांच्याकडे कुणी काही मागत नाही."

मावशीने आणि भिंगरीने एकदमच मान डोलावली. काकांच्या आयुष्यात त्यांची सूचना एकमताने मान्य होण्याचा हा पहिलाच प्रसंग असावा, कारण त्यांनी स्वतःच चमकून वर पाहिलं.

"पण मावशी," भिंगरी म्हणाली, "हे तुझ्या पोटात राहिलं पाहिजे."

"म्हणजे काय! मी काय लोकांना सांगत फिरते?" मावशी दुखावून म्हणाली. काकांनी वर्तमानपत्र जरा उंच धरलं.

*

तिसरं नशीब एका बंद पडलेल्या छापखान्यामागच्या गल्लीत सापडलं. गल्ली अरुंद, पण ऐसपैस बसलेली. तोंडाशी लॉन्ड्री, तिच्या दारात कायम इस्त्रीची वाफ. पुढे दोन-तीन मजल्यांची जुनी घरं, सगळ्यांच्या गच्च्या एकमेकींना खेटून, त्यामुळे एका गच्चीवरून दुसरीवर माणसांपेक्षा मांजरं जास्त आणि मांजरांपेक्षा गप्पा जास्त जात. खोली होती वरच्या मजल्यावर. एक दार जिन्यात, एक थेट गच्चीत. फरशीची एक लादी पाय पडला की टकटक वाजे, पण वारा असा खेळता, की भिंगरी दारातच घसरली, म्हणजे मनाने.

मालकीणबाईंना गल्लीत सगळे टेलिफोन आजी म्हणत. उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजात गेला होता. निवृत्त होऊन जमाना झाला तरी हेडफोन डोक्यावर असल्यासारखं त्या मोठ्याने बोलत, आणि इकडची बातमी तिकडे जोडून देण्याची सवय सुटली नव्हती.

"काय करतेस ग तू?"

भिंगरीने काकांचा सल्ला आठवला. "हवामान खात्यात आहे."

आजींनी तिच्याकडे निरखून पाहिलं. मग वळून खिडकीतून खाली हाक मारली, "लॉन्ड्रीवाले! अहो, हवामान खात्यातली मुलगी आलीय बघायला!"

"ठेवून घ्या!" खालून तत्काळ उत्तर आलं.

"महिनाभर राहून बघ," आजी म्हणाल्या. "तुला गल्ली आवडली आणि गल्लीला तू, तर पक्का करार करू."

काकांच्या तर्कात एकच बारीक चूक होती. हवामान खात्याचं कुणी ऐकत नाही हे खरं, पण ते खातं लांब असतं म्हणून. ते वरच्या मजल्यावर राहायला आलं की गोष्ट वेगळी.

पहिल्याच सकाळी भिंगरी घाईघाईने जिना उतरत होती, तर खाली लॉन्ड्रीवाले हातात ओल्या कपड्यांचा पिळा घेऊन उभे. गोल चेहरा, कपाळावर कायम घाम. "ताई, कपडे गच्चीवर घालू ना?"

भिंगरीने वर पाहिलं. आभाळ आभाळासारखंच होतं. "घाला," ती म्हणाली.

ऊन लखलखीत पडलं, कपडे दुपारीच वाळले. संध्याकाळी ती परतली तेव्हा गल्लीत तिच्याकडे बघण्याची तऱ्हाच बदललेली होती. दुसऱ्या दिवशी कुणी गादी गच्चीत टाकू का विचारलं, कुणी दार रंगवायचं विचारलं. टेलिफोन आजी तर खिडकीतून सरळ प्रसारणच करू लागल्या. "ऐका हो! दुपारपर्यंत कोरडं! मुलगी म्हणतेय!"

मालीशवाली म्हणून घ्यायचं नाही, म्हणून ही सगळी उठाठेव, आणि आता ती गल्लीचं पंचांग होऊन बसली. शिवाय खोटं सांभाळणं हे एक वेगळंच काम असतं. एकदा लॉन्ड्रीवाल्यांच्या हाती चुकून तिचा पांढरा कोट गेला.

"खात्यात पांढरा कोट कशाला लागतो ताई?"

"ढगांचे नमुने तपासतो ना आम्ही," भिंगरीच्या तोंडून निघून गेलं. लॉन्ड्रीवाल्यांनी त्या कोटाला इतक्या आदराने इस्त्री केली, की तिला तो घालवेना.

खरा धक्का शेजारच्या गच्चीवर होता. तिथे राहत भूगोलाचे मास्तर. उंच, किंचित वाकलेले, शाळेतून निवृत्त, पण भूगोलातून नव्हेत. त्यांच्या कठड्याला एक काठी बांधलेली आणि काठीला एक हातरुमाल. त्या रुमालावरून ते वारा बघत. पहिल्याच रविवारी ते कठड्यापाशी आले आणि गहिवरून म्हणाले, "अखेर या गल्लीला कुणीतरी माझ्या विषयाचं मिळालं! सांगा बरं, आज दाब कसा वाटतो?"

"दाब... मानेकडे जरा जास्त आहे," ती म्हणाली, आणि जीभ चावली.

"मानेकडे? म्हणजे उत्तरेला? अगदी बरोबर!" मास्तर टाळी वाजवून म्हणाले. "आता आम्ही जुन्या पद्धतीने दिशा म्हणतो, तुमच्यात नवे शब्द असतील."

बोलण्याबोलण्यात भिंगरीला सगळं कळलं. मास्तर रोज आभाळ बघत, रोज अंदाज बांधत, आणि तो ऐकायला रुमालाखेरीज कुणी नसे. फार वर्षांपूर्वी त्यांनी वादळ येणार म्हणून गल्लीची सहल रद्द करायला लावली होती. त्या दिवशी असं सोनेरी ऊन पडलं, की गल्लीने ते अजून विसरलं नव्हतं. तेव्हापासून मास्तरांनी "पाऊस" म्हटलं की लोक छत्री घरी ठेवून निघत.

भिंगरीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ती गंभीर चेहरा करून म्हणाली, "खात्याचं एक मत असतंच. पण प्रत्यक्ष निरीक्षण करणाऱ्या माणसाचं मत मला ऐकायला आवडेल."

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी राहिलं. त्यांनी उद्याचं आभाळ तिला सविस्तर सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी ते अगदी तसंच उजाडलं. मग तो परिपाठच पडला. संध्याकाळी हॉस्पिटलातून दमून आलं, की भिंगरी चहाचा कप घेऊन गच्चीत जाई. मास्तर कठड्यापलीकडून ढगांची नावं सांगत, वारा कुठून आला आणि कुठे निघाला ते सांगत. दिवसभर लोकांच्या दुखऱ्या पाठी पाहिल्यावर असं मान वर करून बघायला तिला फार बरं वाटे. सकाळी तोच अंदाज ती खाली सांगे, आणि आजी तो गल्लीभर जोडून देत. मास्तर आपल्या गच्चीतून ते ऐकत आणि गालात हसत. आपल्याच अंदाजावर गल्ली कपडे वाळवते आहे हे त्यांना पुरेपूर कळत होतं. दोघांनी कधी शब्दाने काही ठरवलं नाही, पण इतकं नेटकं संगनमत फार कमी खात्यांत असेल.

*

महिना संपत आला. एजंट येऊन सांगून गेला, की पक्क्या करारासाठी नोकरीच्या ठिकाणचं ओळखपत्र दाखवावं लागेल. भिंगरीची झोप उडाली. खरं सांगावं तर महिनाभराचं खोटं उघडं पडणार, न सांगावं तर ढगांचं ओळखपत्र कुठून आणणार? आणि आता तिला ही गल्ली सोडवत नव्हती. मांजरं ओळखीची झाली होती. टकटक वाजणारी लादी कुठली, हे तिच्या पायांना पाठ झालं होतं.

अशात लॉन्ड्रीवाले हात जोडून आले. लॉन्ड्रीला पंचवीस वर्षं पूर्ण होत होती. आजींच्या गच्चीवर सगळ्या गल्लीला जेवण. "ताई, एकच सांगा. वर ताडपत्री घालू की नको? त्याच दिवशी त्या मोठ्या लॉजच्या सगळ्या चादरी धुऊन माझ्या गच्चीवर पडणार आहेत. तुम्ही म्हणाल तसं करतो."

भिंगरी संध्याकाळी मास्तरांकडे धावली.

"पाऊस?" मास्तर हसले. "परवा? अशक्य! माझी पदवी पणाला लावतो."

भिंगरीने खाली जाऊन सांगितलं, "ताडपत्रीची काही गरज नाही."

जेवणाच्या संध्याकाळी आजींच्या गच्चीवर टेबलं मांडली होती, दिव्यांच्या माळा लागल्या होत्या. सगळी गल्ली कडक इस्त्रीच्या कपड्यांत आली होती, त्यामुळे कुणाला पटकन वाकता येत नव्हतं. दुसऱ्या बाजूला लॉन्ड्रीवाल्यांच्या गच्चीवर लॉजच्या पांढऱ्याशुभ्र चादरी वाऱ्यावर डुलत होत्या. मावशी आणि काकाही आले होते. मावशीला आधीच शपथ घातलेली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर पाणी तोंडात धरून बसलेल्या माणसाचे भाव होते.

टेलिफोन आजींनी तिला गाठलंच. "भाचीला लहानपणापासून हवामानाची आवड होती का हो?"

मावशीने भिंगरीकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, मोठा श्वास घेतला. "खूप! सारखी वरच बघायची. तिच्या आईला वाटायचं मान अवघडलीय. म्हणून आम्ही तिला दाखवायला नेलं, तर डॉक्टर म्हणाले हिला काही झालेलं नाही, हिला ढग आवडतात."

काका घाईघाईने पाणी प्यायला गेले.

लॉन्ड्रीवाले भाषणाला उभे राहिले. त्यांनी कागदाची घडी उलगडली, घसा साफ केला, "मित्रहो" म्हणाले, आणि कागदावर एक टपोरा थेंब पडला. त्यांनी तो अविश्वासाने पाहिला. सगळ्यांनी भिंगरीकडे पाहिलं. भिंगरीने मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी आपल्या रुमालाकडे पाहिलं. रुमाल तारेवर बसलेल्या कावळ्यासारखा गुपचूप लटकला होता.

आणि मग आभाळ फाटल्यासारखा पाऊस कोसळला.

"चादरी!" लॉन्ड्रीवाल्यांनी किंकाळी फोडली. कागद गेला, भाषण गेलं. अख्खी गल्ली कठडा ओलांडून पलीकडे धावली. कुणी चादरी ओढतोय, कुणी चादरीत गुरफटून गोल फिरतोय, एकाच चादरीची दोन टोकं दोघं दोन दिशांना पळवताहेत. मास्तर डोक्यावर दोन उशांचे अभ्रे घेऊन धावत होते. जेवणाची पातेली जिन्यातून हातोहात खाली चालली होती. आणि त्या गोंधळात टेलिफोन आजी, कुणी सांगितलं नव्हतं तरी, ओल्या चादरींचा एक भलामोठा गठ्ठा उचलायला वाकल्या.

त्या वाकल्या त्या वाकल्याच. उठेचनात.

"आई ग!" एवढंच त्या म्हणाल्या. पण त्यांचं "आई ग" तीन गच्च्यांपलीकडे ऐकू गेलं.

क्षणात त्यांच्याभोवती कोंडाळं झालं आणि सल्ल्यांचा दुसरा पाऊस सुरू झाला. "सरळ करा त्यांना!" "खांद्याला धरून ओढा!" "दोघं इकडून, दोघं तिकडून!" "गुडघा लावा पाठीत, माझ्या मेव्हण्याला तसंच केलं होतं!" लॉन्ड्रीवाल्यांनी तर बाह्या सरसावल्या.

"कोणीही हात लावायचा नाही!"

सगळे जागच्या जागी थिजले. हा आवाज हवामान खात्याचा नव्हता. हा आवाज हॉस्पिटलातल्या मोठ्या वॉर्डात या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचण्यासाठी कमावलेला होता. भिंगरी गर्दी बाजूला सारून आजींपाशी गुडघ्यांवर बसली. पावसाने निथळत, पण हात अगदी स्थिर.

"आजी, माझ्याकडे बघू नका, खालीच बघा. पायाला मुंग्या येताहेत? नाही ना? बोटं हलवा. छान. आता श्वास सोडा, सावकाश. माझ्या खांद्यावर भार टाका. घाबरू नका, टाका सगळा." मग मान न वळवता, "लॉन्ड्रीवाले, इस्त्रीचं मोठं टेबल रिकामं करा. कोरड्या चादरी अंथरा. दोन टॉवेल गरम करा, चटका बसेल इतके नकोत. मास्तर, तुम्ही छत्री धरा. आजींवर, स्वतःवर नाही!"

सगळी गल्ली निमूट कामाला लागली. आजींना खुर्चीत बसवून, चार जणांनी खुर्ची अलगद उचलून, पायरी पायरी मोजत लॉन्ड्रीत आणलं. टेबलावर कुशीवर निजवलं, गुडघ्यांत उशी दिली, कमरेला शेक दिला. भिंगरीची बोटं पाठीवरून हलकेच फिरत राहिली. हळूहळू आजींच्या कपाळावरची आठी उतरली. त्यांनी पाय जरासा लांब केला, आणि पहिलंच वाक्य बोलल्या, "चादरी भिजल्या का रे?"

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मग लॉन्ड्रीवाल्यांनी, अंगावरून पाण्याचे ओघळ वाहत असताना, सावकाश विचारलं, "ताई, हवामान खात्यात हेसुद्धा शिकवतात?"

बाहेर पाऊस पडत होता. भिंगरी उभी राहिली.

"मी हवामान खात्यात नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे. हॉस्पिटलात."

"हुश्श!" मावशीने एवढा मोठा सुस्कारा टाकला की जवळचा पडदा हलला. "सुटले ग बाई! महिनाभर गिळून बसलेय! अहो, पहिली आली होती ती परीक्षेत. नुसता हात लावला की दुखणं..."

"मावशी!"

"पण मग अंदाज?" लॉन्ड्रीवाल्यांना अजून उमजत नव्हतं. "रोज बरोबर यायचे, ते कुठून यायचे?"

भिंगरीने छताकडे पाहिलं. मास्तरांचं नाव घेणं तिच्या जिवावर आलं होतं. तेवढ्यात मिटलेल्या छत्रीमागून आवाज आला, "माझे होते."

सगळे वळले.

"सगळे?"

"सगळे."

"आजचासुद्धा?"

"आजचासुद्धा," मास्तर म्हणाले. त्यांनी मान खाली घातली आणि मग न राहवून वर काढली. "पण आधीचे बरोबर आले की नाही? महिनाभर तुमचे कपडे कुणी वाळवले?"

भिंगरी कुणाला काही न सांगता जिना चढून वर गेली. तिने बॅग काढली, ओल्या केसांनीच कपडे भरायला सुरुवात केली. लोकांच्या चादरी भिजवल्या, भाषण बुडवलं, म्हाताऱ्या बाईची कंबर आपल्यापायी धरली, वर महिनाभर सगळ्यांना बनवलं. आता कुठल्या तोंडाने ओळखपत्र दाखवायचं? परत तोच सोफा, आणि सकाळी समोर कुणीतरी बाही गुंडाळून बसलेलं.

दार वाजलं. लॉन्ड्रीवाले होते. दारातच घुटमळले.

"ताई, आजींचा पलंग खाली आणलाय. गादी एक की दोन?"

"एक. जरा घट्टच बरी."

"बरं." ते जाईनात. "आणखी एक होतं..."

भिंगरीने डोळे मिटले. सुरुवात झाली तर. "बोला. कुठे दुखतंय?"

"मला?" लॉन्ड्रीवाले गोंधळले. "मला कुठे दुखत नाही. सगळे जेवायचे थांबलेत. दुकानातच पानं मांडलीत. तुम्ही आल्याशिवाय आजी कुणाला बसू देत नाहीत."

भिंगरीने त्यांच्याकडे पाहिलं. मग बॅगेतून एक कोरडा टॉवेल काढला, केस पुसले आणि खाली गेली. इस्त्रीच्या वाफेत, दोऱ्यांवर टांगलेल्या ओल्या चादरींच्या मधे, खांद्याला खांदा लावून गल्ली जेवली. लॉन्ड्रीवाल्यांचं भाषण पार विरघळलं होतं, म्हणून त्यांनी नुसतंच "मित्रहो, वाढा!" म्हटलं आणि टाळ्या घेतल्या. चादरी उद्या पुन्हा धुऊ, लॉजला एक दिवस उशीर झाला तर काय आभाळ कोसळतंय, असं ते म्हणाले, आणि स्वतःच स्वतःच्या बोलण्यावर पोट धरून हसले. टेलिफोन आजी आडव्या पडूनच सगळ्यांना वाढायला लावत होत्या. काकांनी मास्तरांना शेजारी बसवून घेतलं. वर्तमानपत्रातला हवामानाचा रकाना कोण लिहितं, यावर ते दोघे बराच वेळ एकमताने संतापत होते.

दुसऱ्या दिवशी भिंगरीने आजींना हॉस्पिटलात नेऊन नीट तपासून आणलं. हाड शाबूत होतं, चार दिवस आराम पुरणार होता. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी भिंगरी उठायला गेली, तर तिची स्वतःची मान जागच्या जागी धरलेली. आजींचा सगळा भार खांद्यावर घेतला होता ना! डावीकडे वळेना, उजवीकडे वळेना. ती छताकडे बघत पडून राहिली आणि नाइलाजाने हॉस्पिटलला रजा कळवली.

ही बातमी आजींना कशी समजली देव जाणे. समजल्यावर ती गल्लीला समजायला कितीसा वेळ? भिंगरीच्या खोलीत पाऊल ठेवायला जागा उरली नाही. मावशीही येऊन पायथ्याशी बसली.

"उशी काढून टाका," कुणी म्हणालं.

"छे! उलट दोन द्या."

"बर्फ लावा."

"बर्फ? वेडे का काय? शेक द्या शेक."

"हलक्या वाफेवर इस्त्री फिरवू का?" लॉन्ड्रीवाल्यांनी विचारलं. "रेशमाला लावतो तेवढीच."

मास्तर म्हणाले, पूर्वेकडून ओलसर वारं येतंय, मान त्यानेच धरली असणार. खालच्या मजल्यावरून आजींनी ओरडून सांगितलं, की मुलीला कुणी त्रास देऊ नका, आणि उताणी न झोपवता कुशीवर झोपवा, मला तिनेच सांगितलंय.

साडेचार वर्षं शिकलेली भिंगरी हे सगळं ऐकत होती. त्यातलं बहुतेक चूक होतं. तिने एकालाही दुरुस्त केलं नाही. कुणी तिच्या मानेखाली टॉवेलची गुंडाळी सरकवली, कुणी पायावर पांघरूण नीट केलं, कुणी चहा आणून चमच्याने पाजायला लागलं, आणि तिला अगदी लहान झाल्यासारखं छान वाटत होतं.

इतक्यात गर्दीतून वाट काढत एजंट आत आला. घामाघूम होता, पण चेहऱ्यावर विजय होता.

"मॅडम, काळजी करू नका! इथलं सगळं बिनसल्याचं कळलं मला. तुमच्यासाठी नवीन शोधलंय. नदीपलीकडे. शांत वस्ती, मोठी बाल्कनी, शेजारी कोण राहतं हे कुणालाच माहीत नाही. जागा नाही मॅडम, नशीब आहे! दुपारी दाखवू?"

लॉन्ड्रीवाल्यांनी हातातला कप खाली ठेवला. मास्तर उगाच खिडकीबाहेर बघू लागले.

भिंगरीला नाही म्हणायचं होतं. तिने मान हलवायचा प्रयत्न केला. मान तसूभर हलेना, उलट अशी कळ आली की शब्दही घशातच अडकला. तिने नुसतं डोळ्यांनी मावशीकडे पाहिलं.

मावशीला समजलं. तिने एजंटकडे वळून ठामपणे मान डावीकडून उजवीकडे हलवली. मग लॉन्ड्रीवाल्यांनी हलवली, मास्तरांनी हलवली, आणि बघता बघता खोलीतल्या, दारातल्या, जिन्यातल्या सगळ्यांनी तिच्या वतीने जोरजोरात माना हलवल्या.